थंडीची आणेवारी

ब्रॅडफर्ड हे इंग्लंडातलं गाव मी पाहिलेलं नाही. तरी एक काळ असा होता, की दिग्रसच्या बसस्टँडसमोरच्या चहाटपरीवर त्या गावाविषयी कुणाला काही विचारायचं असलं तर माझ्याकडेच यावं लागे. येत कुणी नव्हतं, ती गोष्ट वेगळी. मीच जाऊन सांगत असे. तिथे दूध काय भाव पडतं, अंडी कितीला मिळतात, पावाची लादी आपल्याकडच्या हॉटेलातल्या एका प्लेट भज्यांपेक्षा कशी जास्त महाग नाही, हे सगळं मी पुढच्या माणसाचा चहा थंड होईपर्यंत सांगत असे. आमची एकुलती एक मुलगी आणि जावई लंडनला वर्षभर राहून तिथल्या घरभाड्याला कंटाळले आणि या गावी राहायला गेले. मध्यम शहर, लंडनइतकं मोठं नाही, आणि लंडनच्या मानाने फार स्वस्त. 'स्वस्त' हा शब्द तिने फोनवर उच्चारला आणि मी तो उचलला, तो पुढे दोन-अडीच वर्षं काही खाली ठेवला नाही.

हे लिहिताना मधेमधे टोकायला आता बायको नाही. ती असती तर इथेच म्हणाली असती, "अवो, मुद्द्यावर या नं." तेव्हा येतो.

ती वर्षं कापसाच्या पडत्या भावाची होती. आमचं घर सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या मागच्या अंगाला. पूर्वी हंगामात आमच्या दोरीवर वाळत घातलेल्या धोतराला सरकीचं तूस चिकटायचं आणि बायको कातावायची. त्या वर्षांत कपडे स्वच्छ वाळू लागले. जिनिंगच्या आवारात गाड्या कमी, यंत्राचा आवाज आठवड्यातून एखाद-दोन दिवस. बायको म्हणायची, "तूस येत होता तेच बरं होतं." गल्लीतली दोन घरं विकायला निघाली होती आणि घ्यायला कुणी येत नव्हतं.

मी तेव्हा नुकताच सेवानिवृत्त झालो होतो. जन्मभर तहसील कचेरीत होतो, शेवटी अव्वल कारकून. कुठल्या तहसिलीत ते सांगत नाही, तिथले लोक अजून जिवंत आहेत. माझ्या हातून गेलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे आणेवारी. यंदा गावात पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, रुपयात इतके आणे. हल्ली त्याला पैसेवारी म्हणतात, पण जुन्या तोंडाला आणेवारीच येतं. ही काढायची तर शेतात जाऊन पीक कापून, वजन करून पाहायला हवं. आम्ही ती खुर्चीत बसून काढत असू. मागच्या सालची समोर घ्यायची, आभाळाकडे खिडकीतून पाहायचं आणि आकडा टाकायचा. आकडा असा टाकायचा की वरच्या साहेबाला त्रास होऊ नये. त्यामुळे माझ्या कारकिर्दीत आमच्या तालुक्यात कागदावर कधी पीक बुडालं नाही.

निवृत्तीनंतर हात रिकामे झाले. मग मी ब्रॅडफर्डची आणेवारी काढायला लागलो.

दर रविवारी दुपारी मुलीचा फोन यायचा. आधी आई बोलायची, जेवली काय, झोपली काय, केस गळून राह्यले काय. मग रिसीव्हर माझ्याकडे आला की मी विचारायचो, "बटाटे?"

"काय बटाटे, बाबा?"

"काय भाव?"

ती हसायची आणि सांगायची. पुढे पुढे मी विचारायच्या आधीच सांगू लागली. भाडं लंडनच्या निम्म्याहून कमी. दवाखाना फुकट. गावाच्या वाचनालयात पुस्तकं फुकट, बागेत जाणं फुकट. मी प्रत्येक फुकटाला "वा!" म्हणायचो.

टपरीवर माझा एक श्रोता पक्का होता. जवळच्या तांड्यावरचा बंजारा मास्तर. तोही निवृत्त, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि मला 'बाबूसाहेब' म्हणायचा. त्यात आदर किती आणि टोमणा किती हे मला तीस वर्षांत ठरवता आलं नाही. एकदा त्याने विचारलं, "बाबूसाहेब, थे गाव एवढं स्वस्त काहून हाय?"

हे मी मुलीला विचारलेलं नव्हतं. पुढच्या रविवारी विचारलं. ती म्हणाली, "बाबा, इथं पहिले लोकरीच्या मोठ्या मोठ्या गिरण्या होत्या. साऱ्या बंद पडल्या. आमच्या खिडकीतून एक धुराडं दिसते, त्याच्यातून धूर निघत नाही."

मी हे मोठ्या कौतुकाने टपरीवर सांगितलं. मास्तर बशीतला चहा संपवून म्हणाला, "म्हंजे दिग्रसच हाय मंग. गिरणी बंद पडली का घर स्वस्त होते. याच्यात कायचं कवतिक करून राह्यले तुमी?"

मी त्याला म्हणालो, तुला अर्थशास्त्र कळत नाही.

त्याच साली मुलीला दिवस गेले.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. याची चर्चा होत नाही. सूर्य पूर्वेला उगवतो तसं ते आहे. बायकोने दिवाळीच्या आधी मागची खोली रिकामी करून पांढरा रंग मारून घेतला. बाज नव्याने विणून घेतली. नवा कापूस आणून पिंजाऱ्याकडून गादी भरून घेतली, आणि बाळासाठी एवढीशी दुलई. त्या साली बाजारात खरोखर स्वस्त असं एवढंच होतं, कापूस. ती म्हणाली, "घ्या, आणखी घ्या, पुन्हा असा भाव नाई येणार." गादी इतकी जाड झाली की बाजेवर चढायला स्टूल लागलं असतं. मी तसं म्हणालोही. तिने ऐकलं नाही. ती त्या गादीवर हात फिरवत होती.

आणि मुलगी फोनवर 'येते' म्हणेना. 'नाही येत' असंही म्हणेना. "बघते आई," म्हणायची. सातवा लागायला आला. त्यानंतर विमानवाले घेत नाहीत, हे मी टपरीवरच कुणाकडून तरी ऐकलं होतं. बायको दर रविवारी फोन ठेवल्यावर माझ्याकडे पाहायची. जन्मभर सरकारी हुकूम काढलेला माणूस, काहीतरी हुकूम काढेल, अशी तिची अपेक्षा असावी.

तेव्हा मी हुकूम काढला. दोघांचे पगार मला साधारण ठाऊक होते. जावई एका लहान कंपनीत संगणकावर, मुलगी एका शाळेच्या कार्यालयात नव्याने लागलेली. भाडं ठाऊक, बटाटे ठाऊक, दवाखाना फुकट. दुपारी फोन आला तसा मी रिसीव्हर बायकोच्या हातून जवळजवळ ओढून घेतला आणि मुलीला तिच्या संसाराची आणेवारी ऐकवली. इतके येतात, इतके जातात, म्हणजे दरमहा इतके उरलेच पाहिजेत. त्यात विमानाचं तिकीट येऊन वर उरतात. "स्वस्त गावात राहून राह्यली तू, लंडनला नाई," असं मी शेवटी म्हणालो. मला ते वाक्य फार आवडलं होतं. मी ते दोनदा म्हणालो.

  मग ती म्हणाली, "हाव बाबा. हिशोब बरोबर आहे तुमचा."

आणि "आईले द्या" असं न म्हणता तिने फोन ठेवला.

मी विजयी मुद्रेने वळलो. बायको दाराला टेकून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती हळूच म्हणाली, "म्हंजे पैसे आहेत."

"आहेत ना. मी काय सांगून राह्यलो मग?"

"म्हंजे यायचं मनात नाई तिच्या."

हे माझ्या आणेवारीतून निघेल असं मला वाटलंच नव्हतं. मी सारवासारव करू लागलो, की अगं नोकरी असते, रजा असते, तिकडे डॉक्टर चांगले. ती म्हणाली, "तुमीच तर सिद्ध केलं." आणि आत गेली.

त्यानंतर तिने मुलीला 'ये' म्हटलं नाही. एकदाही नाही. गादी गुंडाळून सुतळीने बांधली, बाज भिंतीला उभी केली, खोलीला कडी घातली. डिंकाचे लाडू मात्र तिने केले. का केले ते विचारायची माझी छाती नव्हती. फडताळातल्या डब्यात ठेवले आणि म्हणाली, "तुमी खा." बाळंतिणीचे लाडू पौषभर मी खाल्ले. त्यामुळे बाळसं मला आलं. मास्तर म्हणाला, "बाबूसाहेब, कितवा महिना?"

जानेवारीत नात झाली. फोनवर रडण्याचा आवाज ऐकवला. बायको गोड बोलली. पण ते गोड बोलणं पाहुण्यांशी बोलल्यासारखं होतं, "सांभाळ हं, तब्येतीले जप," असं. पूर्वी ती मुलीला रागवायची, केसांवरून, जेवणावरून, आवाज चढवून. आता रागवणं बंद झालं. मुलीलाही ते कळत असावं. ती आपण होऊन भाव सांगू लागली, बटाटे, कांदे, तिथे मिळणारी आपली तूरडाळ. मला भाव नको होते आता. तरी मी "वा!" म्हणायचो, कारण दुसरं काय म्हणावं ते सुचत नसे.

असं चाललं ते नात दोन वर्षांची व्हायला येईपर्यंत. मग एका डिसेंबरात मुलगी तिला घेऊन आली. जावयाला सुटी नव्हती, दोघीच. मी यवतमाळपर्यंत आणायला गेलो. मुलगी वाळली होती. डोळ्यांखाली काळं. मी म्हणालो, "स्वस्त गावात खात नाई काय तू?" ती हसली नाही.

घरी आल्यावर तिचं एक विचित्र वागणं माझ्या लक्षात आलं. सकाळी अंगणात ऊन उतरलं की ती पोरीला घेऊन तिथे जाऊन बसे. ऊन भिंतीकडे सरकलं की ही सरके. दुपारी ते मागच्या दारी गेलं की हीही मागच्या दारी. जेवायला आत बोलावलं तर म्हणे, इथंच आणा. पोरगी उघडी, अंगाला तेल लावलेलं, मातीत खेळते आहे, आणि ही डोळे मिटून भिंतीला टेकलेली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला राहवलं नाही.

"काय गं, कुरडया वाळत घातल्यावानी बसून राह्यली तू दिवसभर?"

डोळे न उघडता ती म्हणाली, "तिथं हे विकत घ्या लागते, बाबा."

"काय विकत घ्या लागते?"

"ऊब."

बायको तेव्हा ओसरीवर बसून सुपात तूर पाखडत होती. मुलगी सांगत गेली, रागाने नाही, सहज. जिन्याखालच्या कपाटात एक मीटर असतो. कार्डात पैसे भरून आणायचे कोपऱ्यावरच्या दुकानातून, ते मीटरमध्ये घालायचं, तेवढा वेळ घर गरम. पैसे संपले की बंद. जुनं घर, दगडी, भिंतीतून ओल येते. म्हणून तर भाडं कमी. स्वस्त घराला ऊब महाग पडते, आणि महाग घर परवडत नाही. वर घरपट्टी दर महिन्याला, पाण्याचे पैसे वेगळे. हे तिने फोनवर कधी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. मी बटाटे विचारले होते. यवतमाळ जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाच्या हिशोबात थंडीला खर्च पडतो हे येणार कुठून? आपल्याकडे थंडी वाजली की माणूस उन्हात जाऊन बसतो.

"मग तवा आली काहून नाई?" मी विचारलं. "सातव्यात."

"नोकरी नवीन होती. मी आली असती तर नोकरीच गेली असती. मंग एका पगारात थे घर हिवाळ्यात गरम कसं ठेवलं असतं, बाळ घेऊन? तरी शेवटी एकाच खोलीत राह्यलो आमी तिघं. बाकीचं घर बंद. ही झाली तवा बाहेर बर्फ. मी हिले कोटाच्या आत घालून बसायची."

"मग सांगायचं नं, बाई."

"काय सांगू बाबा? तुमी एवढं बरोबर करून सांगितलं होतं." आता तिने डोळे उघडले. "मले वाटलं, बाबाचं खरं असंल. मलेच संसार करता येत नाई."

ओसरीवरचा सुपाचा आवाज केव्हा थांबला ते मला कळलं नाही. बायको सूप तसंच मांडीवर धरून बसली होती. तिने मला काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मला उत्तरं देण्याची सवय आहे. ती मुलीला म्हणाली, "तुले शेक कोणं देल्ला?"

"कायचा शेक, आई?"

"बाळंतपणाचा. शेगडीचा. धुरी कोणं देल्ली? पोट कोणं बांधलं?"

मुलगी हसायला गेली. "आई, तिथं शेगडी पेटवली तर घरातला धुराचा भोंगा वाजते. आगीचा बंब येते."

"म्हंजे नाईच देल्ला."

"नाई."

बायको उठली. तूर सुपातच राहिली, चिमण्या आल्या. तिने मागच्या खोलीची कडी काढली. बाज आडवी केली. सुतळी सोडायचा धीर नव्हता म्हणून विळीने कापली आणि ती जाड गादी उलगडली. दोन वर्षं बांधून ठेवलेला कापूस दबला होता. आधी तिने ती गादी उन्हात टाकायला मला दिली. दुपारपर्यंत ती पुन्हा फुगली. मग मला ओवा, बाळंतशोपा आणि डिंक आणायला बाजारात पिटाळलं. दुकानदाराने विचारलं, "कोण बाळंत झालं?" मी म्हणालो, मुलगी. तो म्हणाला, "वा, नातू काय नात?" मी म्हणालो, नात. बाळ दोन वर्षांचं आहे हे सांगितलं नाही. तो पेढे मागत बसला असता.

संध्याकाळी विस्तवाचं काम माझ्याकडे आलं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने जायचं नसतं, दाराशी विस्तव द्यायचा. मी आमच्या अकलेप्रमाणे शेगडीत पऱ्हाट्या भरल्या. कापसाची वाळकी झाडं, आमच्याकडे फुकट मिळतात, पाणी तापवायला तीच. भडकन जाळ झाला, मला वाटलं जमलं, आणि शेगडी दाराशी नेईपर्यंत आत राख. आतून आवाज आला, "हा विस्तव आहे काय? हा कारकुनाचा विस्तव आहे." दुसऱ्यांदा भरल्या, पुन्हा तेच. माझे डोळे धुराने लाल, धोतराला भोक. नात माझ्याकडे बोट दाखवून इंग्रजीत काहीतरी म्हणाली, ते कौतुकाचं नसावं.

तेवढ्यात मास्तर आला, टपरीवर दिसलो नाही म्हणून. मी त्याला दारातच थांबवलं. "आत येऊ नको, घरात बाळंतीण आहे."

"कोण?"

"पोरगी."

"थे?" त्याने अंगणात धावणाऱ्या नातीकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या राखेकडे. मी त्याला थोडक्यात सांगितलं. मला वाटलं आता हा वर्षभर पुरेल एवढा टोमणा मारेल. तो वळून निघून गेला. दिवेलागणीला सायकलवर पोतं बांधून परत आला. बाभळीचा कोळसा. "हा राह्यते रातभर," एवढंच म्हणाला, आणि स्वतःच खाली बसून शेगडी भरून दिली.

आमच्यात बाळंतीण सव्वा महिना खोलीत असते. मुलीचं परतीचं तिकीट त्याच्या बरंच आधीचं होतं. बायकोला ते ठाऊक होतं. जेवढे दिवस उरले तेवढे तिने वापरले. रोज पोट बांधायचं, कानाला फडकं, तीळ-खोबरं, लाडू. लाडवाचा डबा या वेळी माझ्यापासून लांब ठेवला होता. आणि तिसऱ्या का चौथ्या दिवशी तिचा चढा आवाज मला अंगणात ऐकू आला. मुलगी उघड्या डोक्याने न्हाणीत गेली म्हणून ती तिला रागवत होती. मी हातातली फुंकणी खाली ठेवून ते रागवणं शेवटपर्यंत ऐकलं.

परत जायच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. मी दाराशी शेगडी घेऊन उभा होतो. नात माझ्या खांद्यावर झोपली होती. दार किलकिलं होतं. आत बाजेखाली निखारे, वर मुलगी पालथी, आणि बायको तिच्या पाठीला गरम फडक्याने शेकत होती. ओव्याची धुरी दाराबाहेर येत होती.

मुलीचा आवाज आला, उशीत तोंड असल्यासारखा. "आई, तुले वाटलं मले यायचं नव्हतं?"

फडकं थांबलं. मग पुन्हा निखाऱ्यावर धरल्याचं कळलं, कापडाचा वास आला.

"झोप," बायको म्हणाली. "बाळंतिणीनं जास्त बोलू नाई."

मग दारातून तिचा हात बाहेर आला, माझ्याकडे न पाहता, पुढच्या शेगडीसाठी.